अलॉय घेताना आधी हब बघा: गाडीला नीट बसणारी चाकं निवडण्याची पद्धत

अलॉयच्या दुकानात भिंतभर चाकं टांगलेली असतात. गिऱ्हाईक त्यातलं एक बोटानं दाखवतं आणि दुकानदार म्हणतो, "बसतंय की साहेब, काही टेन्शन नाही." त्याच्या दृष्टीनं तो खोटं बोलत नसतो. नटांची भोकं जुळली, चाक चढलं, गाडी दुकानाबाहेर पडली की त्याचं काम झालं. मडगार्डचं अस्तर घासायला लागतं ते मागे तीन माणसं बसल्यावर, स्टिअरिंग थरथरतं ते हायवेला नव्वदच्या पुढे, आणि रिम वाकते ती पहिल्या पावसाळ्यात. तोवर टायर चढलेले असतात आणि वापरलेला माल कोणी परत घेत नाही.

चाक गाडीला बसणार की नाही हे थोड्याशा आकड्यांवर ठरतं, आणि ते आकडे दुकानात पाऊल टाकण्याआधी घरी काढता येतात. डिझाइन आणि रंग हा सगळ्यात शेवटचा विषय. खाली उदाहरणासाठी स्विफ्टसारखी हॅचबॅक धरली आहे, कारण अशा गाडीचा खालचा व्हेरिएंट घेऊन नंतर बाहेरून अलॉय टाकणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. हिशेब मात्र कुठल्याही गाडीला तोच.

दारावरचा स्टिकर आणि जुन्या चाकाची पाठ

ड्रायव्हरचं दार उघडलं की बहुतेक गाड्यांच्या खांबावर टायरचा साइज आणि हवेचा दाब सांगणारा स्टिकर असतो. नसेल तर मॅन्युअलमध्ये हीच माहिती मिळते. तिथे तुमच्या मॉडेलचे एकाहून जास्त साइज दिले असतील तर ते सगळे लिहून घ्या. कंपनीनं वरच्या व्हेरिएंटला दिलेला साइज हा तुमच्यासाठी तयार, तपासलेला पर्याय असतो. स्प्रिंग, ब्रेक, मडगार्ड यांच्याशी त्याचं गणित कंपनीच्या इंजिनिअरांनी आधीच घातलेलं असतं.

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर१५ ८८एच असं काहीतरी दिसेल. १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ हा रिमचा व्यास इंचांत. ८८ हा भाराचा आकडा आहे आणि एच हा वेगाचा. भाराच्या आकड्याकडे पुढे येऊ.

चाकाचे बाकीचे आकडे स्टिकरवर नसतात, ते चाकाच्या पाठीमागे किंवा स्पोकच्या आतल्या बाजूला ओतलेले किंवा ठोकलेले असतात. जुनं चाक एकदा काढा, पाठ ओल्या फडक्यानं पुसा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. १५×५½जे एच२ ईटी४५ असं काही सापडलं तर त्याचा अर्थ असा: व्यास १५ इंच, रुंदी साडेपाच इंच, जे हा रिमच्या कडेच्या आकाराचा प्रकार, एच२ म्हणजे ट्यूबलेस टायर जागेवर राहावा म्हणून दोन्ही बाजूंना दिलेला उंचवटा, आणि ईटी४५ म्हणजे ऑफसेट ४५ मिमी (ऑफसेट काय ते पुढे येईल). साध्या लोखंडी रिमवर एखादा आकडा नसतो. तो मोजून काढता येतो.

पीसीडी: इथे तडजोड नाही

नट किंवा बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. स्विफ्ट, बलेनो, आय२०, होंडा सिटी यांना चार नट आणि १०० मिमी, म्हणजे ४×१००. क्रेटा आणि इनोव्हा ५×११४.३. पोलोला ५×१००. फोर्ड फिगो, इकोस्पोर्ट ४×१०८. फॉर्च्युनर ६×१३९.७. हे ११४.३ आणि १३९.७ असले विचित्र आकडे मुळात साडेचार आणि साडेपाच इंच आहेत, म्हणून ते पूर्ण मिलिमीटरमध्ये येत नाहीत.

गाडीचं नाव सांगून पीसीडी विचारू नका, पिढीही सांगा. पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया ५×१०० होती, पुढच्या ५×११२ झाल्या. नाव एकच, पण चाकं एकमेकांना लागत नाहीत.

खरा धोका जवळजवळच्या आकड्यांचा. फियाट पुंटो आणि लिनिया ४×९८ आहेत. बाजारात ४×१०० ची चाकं ढिगानं मिळतात आणि दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. पाना जोरात मारला की चाक चढतं सुद्धा. पण तेव्हा प्रत्येक बोल्ट किंचित तिरका ओढला गेलेला असतो, तो आपल्या खोबणीत पूर्ण बसत नाही, आणि रोजच्या धक्क्यांनी सैल होत जातो. ५×११२ आणि ५×११४.३ ची गोष्ट तीच. "वॉबल बोल्ट लावून देतो," असं कोणी म्हणालं (म्हणजे हा फरक सरकत्या तोंडाच्या बोल्टनं भागवतो), तर दुकान बदला. भोकं भरून वेल्डिंग करून नवी पाडून देणारेही भेटतात. त्यांना तर नमस्कारच करावा.

मोजायचं असेल तर चार नटांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर हाच पीसीडी. पाच नटांना समोर भोक नसतं, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजून १.७०१ नं गुणायचं. ५×११४.३ ला ते अंतर सुमारे ६७.२ मिमी येतं आणि ५×११२ ला ६५.८. फरक दीड मिलिमीटरहूनही कमी आहे, त्यामुळे घरातल्या टेपवर विसंबू नका. फॅब्रिकेशनवाल्याकडे किंवा लेथवाल्याकडे बारीक माप घेणारा व्हर्नियर असतो, पाच मिनिटं मागून घ्या.

मधलं भोक आणि त्यातली रिंग

चाकाच्या मधोमध जे भोक असतं ते हबच्या, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसवतात त्याच्या, उंचवट्यावर बसतं. हा सेंटर बोअर. कंपनीच्या चाकांत तो हबला अगदी बेताचा असतो: स्विफ्ट आणि आय२० ला ५४.१ मिमी, होंडा सिटीला ५६.१, पोलोला ५७.१, इनोव्हाला ६०.१, क्रेटाला ६७.१. बाहेरची अलॉय बनवणारा एकच साचा अनेक गाड्यांना चालवतो, म्हणून तो भोक मोठं ठेवतो. ७३.१ मिमी हे नेहमी दिसणारं माप.

मग ५४.१ च्या हबवर ७३.१ चं भोक आलं तर चारी बाजूंनी साडेनऊ मिमी मोकळी राहते. चाक पडणार नाही, कारण निमुळते नट ते मधोमध ओढून घेतात. पण आवळताना एक नट आधी कचकचून बसला तर चाक केसभर सरकतं, आणि हायवेवर ८०-१०० च्या पट्ट्यात थरथर सुरू होते. मालक तीनदा बॅलन्सिंग करून घेतो, फरक पडत नाही, आणि शेवटी दोष टायरला जातो.

यावर हब रिंग असते: बाहेरचा व्यास चाकाचा, आतला व्यास हबचा. पावतीवर दोन्ही आकडे लिहून घ्या, ७३.१ ते ५४.१. प्लॅस्टिकच्या चालतात, पण घाटात ब्रेक तापले की त्या मऊ पडतात आणि काढताना तुटतात. शक्यतो अॅल्युमिनियमच्या घ्या. भोक हबपेक्षा लहान असेल तर रिंगचा प्रश्नच येत नाही, चाक चढतच नाही. लेथवर भोक मोठं करून मिळतं, पण ते चांगल्या कारागिराचं काम आहे आणि किती मटेरिअल निघतंय हे बघून करायचं.

व्यास वाढवायचा तर टायर बारीक करावा लागतो

रिम मोठी घेतली तरी टायरसकट चाकाचा एकूण व्यास मूळच्या जवळ राहिला पाहिजे. स्पीडोमीटर, ओडोमीटर, गिअरचं गणित, मडगार्डमधली जागा सगळं त्यावर अवलंबून असतं. फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवावा असा साधारण दंडक आहे. मी तर दीड टक्क्याच्या पुढे जाऊच नका म्हणेन, कारण चांगले पर्याय त्याच्या आतच सापडतात.

हिशेब असा: टायरची रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये (इंच गुणिले २५.४).

१८५/६५ आर१५: भिंत १२०.२५, दुप्पट २४०.५, अधिक ३८१. एकूण ६२१.५ मिमी.

स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटचा १६५/८० आर१४ काढून बघा. ६१९.६ येतो. दोन मिलिमीटरचाही फरक नाही, म्हणूनच कंपनी एकाच गाडीला दोन्ही देऊ शकते. यात तुमचाही फायदा आहे. चार अलॉय १५ इंची घातली आणि डिकीत जुनी १४ ची स्टेपनी तशीच ठेवली, तरी पंक्चर झाल्यावर ती बिनधास्त लावता येते.

आता १६ इंच. १९५/५५ आर१६ चा व्यास ६२०.९, म्हणजे जवळपास शून्य फरक. हा टायर बलेनो आणि आय२० च्या वरच्या व्हेरिएंटना येतो, त्यामुळे तालुक्याच्या गावीही मिळण्याची शक्यता चांगली. २०५/५० आर१६ चा ६११.४, म्हणजे फरक दीड टक्क्याहून किंचित जास्त. १९५/५० आर१६ चा ६०१.४, तीन टक्क्यांहून जास्त खाली. गाडी दहा मिलिमीटर जमिनीकडे येते. उलट कोणी १५ च्याच रिमवर "उंची मिळेल" म्हणून २०५/६५ चढवतो, त्याचा ६४७.५ होतो. मीटर ८० दाखवतं तेव्हा चाकं आधीपेक्षा चार टक्के जास्त वेगानं रस्ता कापत असतात, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत लागण्याची शक्यता वाढते ती वेगळीच.

आणि १७ इंच? २१५/४५ आर१७ कागदावर सुंदर बसतो, ६२५.३. पण भिंतीची उंची बघा: १५ ला १२०, १६ ला १०७, १७ ला ९७ मिमी. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळतं तेव्हा रिम आणि डांबर यांच्यामध्ये तेवढाच रबर असतो. मुंबई-गोवा महामार्गावर किंवा कुठल्याही शहरात जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यानं भरलेला खड्डा खोल आहे की उथळ हे कळत नाही. टायरच्या बाजूला फुगा येणं, रिमची आतली कड वाकून हवा उतरत राहणं, हे बारीक भिंतीच्या टायरांचं नेहमीचं दुखणं. माझं मत स्पष्ट आहे: मूळ साइजच्या वर एक इंच, त्यापुढे नाही. आणि वर्षातून चार वेळा कोकणात किंवा खेड्यात जाणं असेल तर वरच्या व्हेरिएंटचा कंपनीचाच साइज घ्या.

भाराचा आकडा इथेच तपासून टाका. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५, ८४ म्हणजे ५००. १९५/५५ आर१६ बहुधा ८७ मध्ये येतो, हॅचबॅकला तेवढं पुरतं, तरी मॅन्युअलमध्ये कंपनीनं किमान किती मागितलंय ते बघा. १९५/५० आर१६ बहुधा ८४ चा असतो, आणि तो नाकारायला हे दुसरं कारण झालं.

रुंदी आणि ऑफसेट: खरी भानगड इथे आहे

चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. टेकणारा भाग मध्यरेषेपासून जितका बाहेर, म्हणजे स्पोकच्या बाजूला, तितका ऑफसेट जास्त आणि तितकं चाक गाडीच्या आत. ऑफसेट कमी केला की चाक बाहेर येतं. रुंदी वाढवली की ते दोन्हीकडे पसरतं. हे दोन आकडे नेहमी एकत्र बघायचे, सुटे नाहीत.

दोन सूत्रं पाठ करा. हबपासून बाहेरची कड: अर्धी रुंदी वजा ऑफसेट. हबपासून आतली कड: अर्धी रुंदी अधिक ऑफसेट.

समजा मूळ चाक ५½जे, ईटी४५ आहे. साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिमी, अर्धं ६९.८५. बाहेरची कड २४.८५, आतली ११४.८५.

पर्याय एक, ६जे ईटी४५. अर्धी रुंदी ७६.२. बाहेर ३१.२, आत १२१.२. दोन्हीकडे सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास वाढ. बहुतेक गाड्या हे सहज पोटात घेतात.

पर्याय दोन, ६½जे ईटी४०. बाहेर ४२.५५, आत १२२.५५. म्हणजे बाहेर पावणेअठरा मिमी, आत पावणेआठ. मोजल्याशिवाय घेऊ नका.

पर्याय तीन, ७जे ईटी३८, दुकानाच्या दर्शनी भिंतीवर दिसतं ते रुंद ओठाचं चाक. बाहेर ५०.९, आत १२६.९. बाहेर २६ मिमी आणि आत १२. हॅचबॅकच्या मडगार्डमध्ये एवढी जागा क्वचितच असते. फोटोत छान दिसतं, कारण फोटोत गाडी रिकामी आणि उभी असते.

चाक बाहेर आल्यानं फक्त घासतं असं नाही. गाडीचा भार बेअरिंगपासून लांब पडतो, बेअरिंग लवकर आवाज करू लागते. स्टिअरिंगची भूमिती बदलते: खड्ड्यातला झटका थेट हाताला जाणवतो, एका बाजूचं चाक वाळूत किंवा पाण्यात गेलं की स्टिअरिंग ओढलं जातं. पावसात चिखल दारापर्यंत उडतो. यातलं काहीच दुकानदाराच्या दारात कळत नाही.

तुमच्या गाडीत किती जागा आहे हे आता मोजा. गाडी सपाट जागी, चाकं सरळ. मडगार्डच्या कडेवरून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा आणि टायरच्या सगळ्यात फुगीर भागापर्यंतचं आडवं अंतर घ्या. ही बाहेरची शिल्लक. मग चाकामागे हात घालून टायर आणि शॉक अॅब्सॉर्बरचा खांब किंवा स्प्रिंगची थाळी यांच्यातलं अंतर पट्टीनं बघा. पुढे आणि मागे वेगळं येतं, दोन्ही लिहा. मागच्या चाकांना बाहेरची जागा बऱ्याचदा जास्त तंग असते, आणि भार पडल्यावर खाली बसते ती मागचीच बाजू. नव्या चाकामुळे आत होणारी वाढ शिलकीतून वजा करून ५ मिमीपेक्षा कमी उरत असेल तर ते चाक सोडून द्या. टायर वळणावर कलतो, चिखल चिकटतो, तेवढी मोकळीक लागतेच.

चाकावर ऑफसेट लिहिलेला नसेल, जुन्या बाजारातून घेताना हे नेहमी होतं, तर चाक तोंडावर पालथं ठेवा. पाठीच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजा. चाकाची कडेपासून कडेपर्यंतची पूर्ण रुंदी मोजून तिचं अर्धं या खोलीतून वजा केलं की ऑफसेट. लक्षात ठेवा, कडेपासून कडेपर्यंत मोजलेली रुंदी ही लिहिलेल्या रुंदीपेक्षा साधारण एक इंच जास्त येते, कारण जे च्या आधीचा आकडा टायर बसण्याच्या जागेचा असतो. पूर्ण रुंदी १७७ आणि खोली १३३ आली, तर १३३ वजा ८८.५, म्हणजे ईटी४४.५, चाक ६जे ईटी४५ आहे.

कमी जागेवर स्पेसर हा उपाय सांगितला जातो. हब आणि चाकाच्या मध्ये नुसती चकती सारली की स्टडची, म्हणजे हबवरच्या ज्या आटेदार दांड्यावर नट बसतो त्याची, लांबी तेवढी वाया जाते आणि नट कमी आट्यांवर धरतो. मला स्पेसर कोणत्याही रोजच्या गाडीवर पटत नाही. ऑफसेट चुकला असेल तर चाक चुकलं.

ब्रेक

रिमचा व्यास पुरेसा असला तरी स्पोक आतल्या बाजूला फुगीर असतील तर पुढच्या डिस्कच्या कॅलिपरला, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या ब्रेकच्या भागाला, लागतात. तपासायला शाडूची माती झकास. कॅलिपरवर दोन-तीन ठिकाणी मातीचे गोळे चिकटवा, टायर न लावलेली रिम नटांनी बसवा, हातानं सावकाश फिरवा, काढा. जिथे माती सगळ्यात चेपली तिथली जाडी म्हणजे तुमची मोकळी जागा. तीन मिलिमीटरपेक्षा कमी नको. बॅलन्सिंगची चिकट वजनं आतून लावतात, त्यांचीही जाडी धरा.

नट: स्वस्तातली चूक सगळ्यात महाग

चाकाचा नट जिथे टेकतो ती जागा आणि नटाचं तोंड एकाच आकाराचं हवं. बाहेरच्या बहुतेक अलॉयना ६० अंशांचा निमुळता नट लागतो. होंडाच्या कंपनीच्या नटांचं तोंड गोल असतं. टोयोटाच्या मूळ अलॉयला सपाट वॉशरचा, मानेचा नट येतो. पोलो, ऑक्टाव्हियासारख्या फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांत नट नसून एम१४×१.५ चे गोल तोंडाचे बोल्ट असतात. हे जुने नट नव्या निमुळत्या खोबणीत लावले तर धातू फक्त एका बारीक रेषेवर टेकतो. पाना घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि शे-दोनशे किलोमीटरमध्ये नट सैल पडतो.

आट्याही बघा: एम१२ मधला १२ ही स्टडची जाडी, पुढचा आकडा दोन आट्यांमधलं अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. सुझुकी एम१२×१.२५ वापरते, होंडा, टोयोटा आणि ह्युंदाई एम१२×१.५. चुकीचा नट दोन फेरे जातो आणि अडतो, आणि तिथे कोणी न्यूमॅटिक गन लावली की स्टडच्या आट्या गेल्या. नट नेहमी हातानं सुरू करायचा. पूर्ण बसेपर्यंत १.५ च्या आट्यांवर किमान आठ आणि १.२५ वर साधारण दहा फेरे मिळाले पाहिजेत. बोल्टच्या गाडीत उलट बाजूही बघावी लागते: फार लांब बोल्ट आत जाऊन काहीतरी घासू शकतो.

चावीवाले लॉक नट घेतलेत तर चावी गाडीतच ठेवा, घरच्या कपाटात नाही. रात्री घाटात पंक्चर झाल्यावर ही चावी आठवते.

चाक कोणतं घ्यायचं

पाठीवर साइज, ऑफसेट, कमाल भार आणि बनवणाऱ्याची खूण ओतलेली असावी. कमाल भार गाडीच्या जड अॅक्सलच्या पूर्ण भाराच्या निम्म्यापेक्षा जास्त हवा. आयएसआय खूण बघा. जपानी मानकाची जेडब्ल्यूएल ही खूणही बऱ्याच चाकांवर दिसते. नुसती खूण ओतणं अवघड नाही, म्हणून बिल, बनवणाऱ्याचं नाव आणि लेखी वॉरंटी नसेल तर त्या खुणेला फार भाव देऊ नका. चांगला उत्पादक चाकाला वळणाच्या ताणाची, सरळ भाराची आणि तिरक्या आघाताची अशा तीन चाचण्या देतो. जर्मनीत बाहेरच्या चाकासोबत ते कुठल्या गाडीला चालतं याचा मान्यतेचा कागद यावा लागतो. आपल्याकडे तसा कागद हातात पडत नाही, म्हणून तर ही सगळी मोजामोज आपल्या गळ्यात.

अलॉय म्हणजे हलकं, हा समज दुकानात वजनकाट्यावर तपासा. मोठ्या व्यासाचं, जाड ओतलेलं स्वस्त अलॉय मूळच्या लोखंडी रिमपेक्षा जड भरू शकतं, आणि मग मायलेज आणि सस्पेन्शन दोन्ही रुसतात.

माझी पहिली शिफारस मात्र वेगळीच आहे. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटची कंपनीची अलॉय शोधा. नवी गाडी घेऊन लगेच बाहेरची चाकं टाकणारे लोक मूळ सेट विकतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी केली तर असे सेट हाती लागतात. पीसीडी, बोअर, ऑफसेट, नट सगळं आपोआप जुळतं. फक्त जुन्या सेटची कड बोटानं चाचपा, बॅलन्सिंग मशीनवर रिकामी फिरवून डगमग बघा, आणि आतल्या बाजूला वेल्डिंगचा माग किंवा ताजा रंग दिसला तर हात जोडून निघा. वाकलेली कड थोडी सरळ करता येते. तडकलेलं आणि झाळलेलं चाक गाडीवर नको.

चारही टायर चढवण्याआधी एक चढवून बघा

पैसे देण्याआधी एक अट घाला: एक चाक टायरसकट पुढे आणि मग मागे लावून बघणार. निवडलेल्या साइजचा टायर दुकानात असतोच. पुढे लावून स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवा, उलट गिअरमध्येही. मग मागे लावा आणि गणपतीला गावी निघताना भरता तशी गाडी भरा: मागे तीन जण, डिकीत सामान. नसेल तर दुकानातलीच माणसं बसवा. स्पीडब्रेकरवरून एक फेरी मारा आणि अस्तरावर ताजा काळा ओरखडा आहे का ते टॉर्चनं शोधा. दुकानदार कुरकुर करेल. जो अजिबात तयार होत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

टायरमधला हवेचा दाब मोजणारे सेन्सर चाकाच्या आत असतील तर नव्या चाकात त्यांना जागा आहे का तेही इथेच बघा. एबीएसचे सेन्सर हबवर असतात, त्यांना काही होत नाही. फक्त चारही टायरचा व्यास सारखा हवा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या, कंपनीनं दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे ठामपणे सांगितलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. कंपनीनं त्याच मॉडेलला दिलेल्या साइजच्या आत राहिलात तर वाद घालायला जागा राहत नाही. मडगार्डबाहेर डोकावणारी चाकं पोलिसांना लांबूनच दिसतात. विमा कंपनीला बिलासह कळवा आणि अॅक्सेसरी म्हणून पॉलिसीत किंमत धरून घ्या, नाहीतर चोरी झाल्यावर लोखंडी रिमचेच पैसे मिळतील.

बसवताना आणि नंतर

हबचा चेहरा तारेच्या ब्रशनं घासून गंज काढायला सांगा. गंजाचा एक पापुद्राही चाक तिरकं बसवतो. स्टडला तेल-ग्रीस लावू देऊ नका, त्यानं पान्यावरचं माप फसतं. गाडी जॅकवर असतानाच नट हलके आवळायचे, समोरासमोरचे आलटून पालटून, आणि चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरापर्यंत आवळणारा मापाचा पाना) शेवटचं आवळायचं. माप मॅन्युअलमध्ये असतं. होंडाला १०८ न्यूटन मीटर, टोयोटाला १०३, पोलोला १२०. गननं "घट्ट झालं" म्हणणाऱ्याला थांबवा. अलॉयमध्ये जास्त आवळणंही तितकंच वाईट.

त्यानंतर अलाइनमेंट. मग ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर त्याच पान्यानं नट पुन्हा तपासायचे, कारण नवं अलॉय सुरुवातीला थोडं दबतं. हवा नव्या टायर साइजच्या स्टिकरप्रमाणे भरा, जुन्या सवयीनं नाही.

स्टेपनी लोखंडीच राहिली असेल तर तिला कुठले नट लागतात हे आजच बघून ठेवा. नव्या निमुळत्या नटांनी ती नीट बसत असेल तर उत्तम, नाहीतर मूळ नटांचा एक संच जॅकच्या पिशवीत टाकून द्या.